मध थिजतो तेव्हा

बरणी मी जवळजवळ फेकलीच होती. कपाटात मागच्या रांगेत राहून गेलेली, झाकण चिकटून बसलेलं. फडक्यात धरून पिळली तेव्हा कुठे उघडली, आणि आत मध नव्हताच. फिकट पिवळा, रवाळ गोळा होता. वर बोटभर पातळ थर आणि खाली चमचा उभा राहील असं काहीतरी घट्ट. मनात पहिला शब्द आला तो 'फसले'.

मग अशा वेळी सगळे जे करतात ते मीही केलं. पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडला. न विरघळता तळाशी गेला तर अस्सल म्हणतात, गेला. काडेपेटीतली काडी मधात बुडवून ओढली. पेटली तर अस्सल; पेटली नाही. कागदावर थेंब ठेवून बघत बसले, कागद थोडासा ओलसर झाला, म्हणजे नेमकं काय ते ठरवता येईना. तीन परीक्षा, तीन निकाल. या घरगुती परीक्षांना काडीचाही अर्थ नाही हे नंतर कळलं. दाट पाकसुद्धा तळाशी जातो. उसाच्या किंवा मक्याच्या साखरेची भेसळ पकडायची तर प्रयोगशाळेत कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजावं लागतं, आणि काही भेसळ त्यातूनही निसटते.

शेवटी मधपेट्या पाळणाऱ्या ओळखीच्या एका काकांना फोन केला. ते आधी हसले. मग म्हणाले, "थिजलाय तो. मध थिजतोच. फेकू नका. बरणी कोमट पाण्यात ठेवा आणि घाई करू नका." थोडं थांबून, "आणि काडी वगैरे नका पेटवत बसू."

मध थिजतो याचं कारण मला आवडलं, कारण त्यात खोट कुठेच नाही. मधात पाणी जेमतेम सतरा-अठरा टक्के. बाकी बहुतेक सगळी साखर, आणि तीही मुख्यतः दोन प्रकारची, फ्रुक्टोज आणि ग्लुकोज. एवढ्याशा पाण्यात एवढं ग्लुकोज विरघळून राहतं हीच खरं तर नवलाची गोष्ट. ते बाहेर पडायला टपलेलंच असतं. एखादा परागकण, हवेचा बुडबुडा, आधीच्या चमच्याला चिकटलेला खडा, काहीही आधाराला मिळालं की त्याला धरून स्फटिक वाढायला लागतात. चौदा अंशांच्या आसपास हे सगळ्यात जोरात चालतं. कुठल्या फुलांचा मध, यावरही आहे. मोहरीच्या कुळातल्या फुलांचा काही आठवड्यांत थिजतो. ज्यात फ्रुक्टोज बरंच जास्त, तो वर्षानुवर्षं पातळ राहू शकतो. म्हणजे थिजलेला मध खराब नाही आणि न थिजलेला नकली नाही. आमच्या काकांच्या भाषेत, "त्याचा स्वभाव आहे तो."

पण माझ्या डोक्यात अडकून बसला तो आकडा. अठरा टक्के पाणी. फुलातला मकरंद पाण्यासारखाच पातळ असतो, कित्येकदा त्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. मग मधलं पाणी गेलं कुठे?

मधमाशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फूल येतं. शाळेच्या पुस्तकातलं चित्र तेच, बाटलीवरचं चित्र तेच. माझ्याही डोक्यात मध म्हणजे माशी फुलावर जाते, रस आणते, पोळ्यात ओतते, झालं. मध 'गोळा करतात' असंच तर आपण म्हणतो. खरं म्हणजे गोळा होतो तो मकरंद. मध घरी होतो, अंधारात, आणि तो करणाऱ्या माश्यांपैकी कित्येकींनी अजून फूल पाहिलेलंही नसतं.

बाहेरून आलेली माशी मधाच्या पिशवीत, म्हणजे पोटाआधीच्या एका वेगळ्या कप्प्यात, मकरंद भरून आणते. दाराच्या आत एक तरुण माशी जीभ पुढे करून तो तिच्या तोंडातून घेते. मग ती गर्दीपासून जरा बाजूला जाऊन उभी राहते आणि तोंडातला थेंब सोंडेवर पसरते, परत गिळते, परत पसरते. पातळ पापुद्र्यासारखा तो थेंब उबदार हवेत सुकतो. असं वीस-वीस मिनिटं चालतं. तिच्या लाळेतली विकरं, म्हणजे एन्झाइम, तोवर आपलं काम करतात: एक विकर साध्या साखरेचे दोन तुकडे पाडतं, दुसरं थोड्याशा ग्लुकोजपासून आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. मग ती तो अर्धवट मध कप्प्यांच्या भिंतींना थेंबाथेंबाने टांगून ठेवते, आणि बाकीचं वाऱ्यावर सोपवते. वारा अर्थात माश्यांचाच.

हे मी पाहिलं, किंवा खरं तर ऐकलं. काकांनी एका संध्याकाळी पेट्यांपाशी नेलं. उजेड उतरला होता, येणंजाणं थांबलं होतं. मला वाटलं, सगळ्या झोपल्या. काका म्हणाले, "वाका. दारापाशी हात धरा. दारासमोर उभ्या राहू नका, बाजूने." तळहात धरला तर एका कोपऱ्यातून गरम, दमट श्वास बाहेर येत होता. दाराच्या फळीवर आठ-दहा माश्या पाय रोवून एका दिशेला तोंड करून उभ्या होत्या, आणि त्यांचे पंख दिसतच नव्हते, नुसता धूसर पट्टा दिसत होता. आतून सलग घुमणारा आवाज, दूरवर गिरणी चालू असावी तसा. आणि वास! मधाचाच, पण बरणीतल्या मधाला नसतो तितका ताजा, किंचित आंबूस, फुलांचा आणि मेणाचा मिसळलेला. त्या रात्री पेटीतून पाणी बाहेर फेकलं जात होतं आणि माझ्या तळहाताला ते लागत होतं.

कप्प्यातला मध पुरेसा दाट झाला की त्यावर मेणाचं झाकण बसतं. मधपाळ त्यावरूनच ओळखतात की मध पिकला. घाई करून झाकणाआधी काढला तर तो आंबतो, कारण पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की त्यातलं यीस्ट जागं होतं. पाणी कमी असताना मात्र जंतूचंच काही चालत नाही. साखर त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेते. वर मध चांगलाच आम्लधर्मी असतो. एवढा गोड असल्यामुळे जिभेला ते कळत नाही, इतकंच. टिकण्यासाठी मधात काहीही घालावं लागत नाही. त्यातून काढावं लागतं, आणि ते माश्यांनी आधीच काढलेलं असतं.

तरी एक अपवाद सांगायलाच हवा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात चाटवू नये. बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंची बीजं मधात निपचित पडून राहू शकतात. मोठ्यांचं आतडं त्यांना दाद देत नाही, बाळाचं तेवढं तयार झालेलं नसतं.

मधाबद्दल काही वाचायला घेतलं की एक वाक्य हमखास भेटतं: एक माशी आयुष्यभर राबून चहाच्या चमच्याचा बारावा भाग मध बनवते. अंदाज म्हणून आकडा ठीक असेल. पण हे वाक्य ज्या सुरात सांगतात तो मला सहन होत नाही. चमचा तोंडाशी नेताना अपराधी वाटावं, नाहीतर मुलांनी अभ्यासाला बसावं, असा काहीतरी त्याचा रोख असतो. शिवाय तो हिशेबच चुकीच्या वहीत मांडलेला आहे. मकरंद आणणारी एक, तोंडातून घेऊन सुकवणारी दुसरी, पंख मारणाऱ्या शंभर, कप्पा बांधणाऱ्या आणखी कितीतरी. बारावा भाग नेमका कुणाच्या नावावर लिहायचा?

आणि 'राबून' म्हणाल तर त्याचीही गंमत आहे. मार्टिन लिंडाउअर नावाच्या जर्मन संशोधकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या पेटीतल्या एका माशीवर खूण केली आणि तिच्यामागे चिकाटीने लागला. तिचा क्रमांक १०७. सुमारे १७७ तास तो फक्त तिच्याकडे बघत होता. त्यातले जवळपास ६९ तास ती काही न करता बसली होती, आणि साधारण ५६ तास पोळ्यावर नुसती इकडून तिकडे हिंडत होती, या कप्प्यात डोकाव, त्या कप्प्यात डोकाव. म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त वेळ उद्योगी माशी आपल्या नजरेने रिकामटेकडीच होती. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. तिचं हिंडणं वाया जात नाही, हे खरं. कुठे अळी भुकेली आहे, कुठे भिंत अर्धी राहिली आहे, हे तिला कुणी सांगत नाही; हिंडता हिंडता समोर येईल ते काम ती उचलते. पण बसणं ते बसणंच. मुंगी, मधमाशी, बैल, सगळ्यांना आपण कामसूपणाच्या शाळेत मास्तर म्हणून नेमून ठेवलंय. त्यांतल्या एकीने तरी राजीनामा दिला.

माणसाला मधमाशीत स्वतःचंच काहीतरी बघायचं असतं, ही खोड जुनीच. ॲरिस्टॉटलने माश्यांचं बारकाईने निरीक्षण केलं, पण पोळ्यातल्या त्या मोठ्या माशीला तो 'राजा' म्हणाला. पुढे शतकानुशतकं ती राजाच राहिली. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच माणसाने तिचं सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन केलं तेव्हा राजाच्या पोटात अंडाशय निघाले. मग आपण तिला 'राणी' केलं, आणि तेही चुकलंच, कारण ती राज्य करत नाही. ऐन बहरात दिवसाला हजार-दीड हजार अंडी घालते, आणि घालणं मंदावलं की त्याच 'प्रजा' तिच्या जागी दुसरी वाढवायला घेतात. राणी होणारी अळी आणि कामकरी होणारी अळी मुळात सारख्याच, फरक खाण्याचा. एका मोठ्या कप्प्यात शेवटपर्यंत फक्त राजरस मिळालेली सोळा दिवसांत राणी होऊन बाहेर येते, बाकीच्या एकवीस दिवसांत कामकरी.

या सगळ्या बघणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जवळचा वाटतो तो फ्रांस्वा ह्यूबर, आणि तो आंधळा होता. जिनिव्हाचा. विशीच्या आसपास दृष्टी गेली. त्याने पुस्तकाच्या पानांसारखी उघडता येणारी पेटी करवून घेतली, आणि प्रश्न तो विचारायचा, बघायचा त्याचा नोकर फ्रांस्वा बर्नेन्स. एका प्रयोगासाठी या बर्नेन्सने पेट्यांमधली एकेक माशी हातात धरून तपासली. डंख किती बसले असतील ते तोच जाणे. ह्यूबरची निरीक्षणं १७९२ साली छापून आली: राणीचं मीलन पेटीत होत नाही, बाहेर उडताना होतं. पुढे त्याने हेही दाखवलं की मेण परागापासून बनत नाही. माश्यांना कोंडून नुसता मध दिला तरी त्या मेण काढतात. पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे निघतात आणि चावून चावून माश्या त्यांची भिंत करतात. म्हणजे मधाची बरणीसुद्धा मधाचीच. हे सगळं ज्याने शोधलं त्याने ते पाहिलं नाही, आणि ज्याने पाहिलं त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.

मी स्वतः माश्यांना जवळून पाहिलं ते असंच, न ठरवता. एका सकाळी खिडकीसमोरच्या झाडाच्या फांदीला तपकिरी दाढी लटकली होती. कोपराएवढी लांब, आणि हलत होती. खालून कुणीतरी ओरडलं, "मोहोळ उठलंय, खिडक्या लावा!" औषध मारायची भाषा सुरू झाली. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "हात लावू नका. घर शोधतायत. एक-दोन दिवसांत जातील. निघताना पोटभर मध खाऊन निघतात, आणि राखायला घरही नसतं, कशाला चावतील?" खालच्या मंडळींना हे पटवण्यात माझा निम्मा दिवस गेला.

उरलेला निम्मा मी काचेमागे दुर्बीण घेऊन बसले. घर भरलं, जागा पुरेनाशी झाली की जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन बाहेर पडते आणि घर मुलीला सोडते. त्या दाढीतल्या बहुतेक एकमेकींचे पाय धरून गप्प लोंबकळत होत्या. पण वरच्या थरावर काही जणी नाचत होत्या. सरळ रेषेत पोट थरथरवत पुढे, वळून मागे, पुन्हा तीच रेषा. कार्ल फॉन फ्रिशने या नाचाचा अर्थ लावला आणि १९७३ साली त्याला नोबेल मिळालं: पोळ्यावर उभ्या रेषेशी नाच जेवढा कोन करतो, तेवढाच कोन सूर्याच्या दिशेशी धरून उडायचं, आणि थरथर जितकी लांबते तितकं अंतर जास्त. पण फ्रिशच्या माश्या फुलांचा पत्ता सांगत होत्या. झाडावरच्या थव्याला फुलांशी काय देणंघेणं? हा प्रश्न पडला तो लिंडाउअरलाच, १०७ नंबरवाल्याला, १९४९ साली. थव्यावर नाचणाऱ्या माश्यांच्या अंगाला पराग नव्हता. काजळी, विटेची धूळ, पीठ असलं काहीबाही लागलेलं होतं. त्या धुराडी, भिंतीतली भोकं बघून आल्या होत्या. घराच्या जागा.

माझ्या दुर्बिणीतून धूळ काही दिसली नाही. पण सकाळी नाच दोन-तीन दिशांनी चालले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक सगळ्या एकाच दिशेला नाचत होत्या. मध्येच एखादी येऊन नाचणारीला डोक्याने ढुशी मारायची. पुढे कळलं, ती 'थांब' अशी खूण असते आणि बहुधा दुसऱ्या जागेची बाजू घेणारीच ती मारते. एका जागेपाशी पुरेशा शोधणाऱ्या एकाच वेळी जमल्या की निर्णय झाला. राणीला कुणी विचारत नाही. सव्वातीनला दाढी विरघळली. हो, तसंच दिसलं, खालून वर सैल होत गेली आणि मिनिटाभरात सगळी हवा माश्यांची झाली. मग तो ढग गच्चीवरून पलीकडे सरकला. फांदीवर मेणाचे दोन-चार पांढरे ठिपके तेवढे राहिले. खालून कुणीतरी विचारलं, "गेल्या का?" मला उगीचच वाईट वाटलं.

'मधमाश्या वाचवा' म्हणताना आपल्या मनात याच असतात, पेटीतल्या. पण जगात माश्यांच्या वीस हजारांच्या आसपास जाती आहेत, आणि खऱ्या अर्थाने मधाची पोळी बांधणाऱ्या त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या बहुतेक एकट्या राहतात, जमिनीत बीळ करून, पोकळ काडीत. त्यांच्या मधाची बरणी निघत नाही म्हणून त्यांच्यासाठी कुणी घोषणा देत नाही. पेट्या खूप वाढवल्या तर याच बिचाऱ्यांच्या तोंडची फुलं कमी पडू शकतात. माझं प्रेमही बरणीपासूनच सुरू झालेलं आहे, हे मी नाकारत नाही.

तर बरणी. कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. पाणी बोट बुडवून सहज ठेवता येईल इतपत. फार तापवलं तर वास उडतो आणि विकरं मरतात. दीड तासाने कडेने पातळ व्हायला लागला. मधोमध ढगासारखा गोळा राहिला, तो हळूहळू लहान होत गेला. एक चमचा तसाच रवाळ काढून जिभेवर ठेवला. आधी बारीक कण, मग ते विरघळताना गोडी, आणि सगळ्यात शेवटी घशापाशी एक किंचित कडवट चव, कुठल्या तरी झाडाची. कुठल्या ते सांगता येत नाही. पण झाड पुसून जात नाही हे खरं. काळ्या समुद्राच्या काठी इसवीसनपूर्व ४०१च्या सुमारास ग्रीक सैनिकांनी तिथला मध खाल्ला आणि कितीतरी जण दारू प्यायल्यासारखे लोळले. कुणी मेलं नाही, तीन-चार दिवसांत उठले. ऱ्होडोडेंड्रॉन नावाच्या झुडपाच्या फुलांमधलं विष मधात उतरलं होतं. माश्यांनी त्यातलं पाणी काढलं होतं, विष नाही.

मी चमचा ओट्यावर ठेवला तेवढ्यात खिडकीतून एक माशी आत आली. बरणीभोवती दोन घिरट्या घातल्या आणि काठावर बसली. पोट वरखाली होत होतं. सोंड बाहेर काढून काठावरचा ओघळ चाटायला लागली. मला वाटलं, बरणीच खिडकीत ठेवावी, हवं तेवढं नेऊ दे, तुमचंच आहे. फोन हातात होता म्हणून काकांना सहज विचारलं.

"मुळीच नको," ते म्हणाले. "दुसऱ्या पोळ्याच्या मधात अळ्यांच्या रोगाची बीजं असू शकतात. वर्षानुवर्षं मरत नाहीत ती. तुम्हाला काही होत नाही, तिच्या घरातली पोरं सडतात. शिवाय एक गेली की शंभर घेऊन येईल."

मी कागदाच्या कडेने तिला हळूच उठवलं. ती उठेना, मग उठली. काठ पुसून घेतला आणि झाकण घट्ट लावलं. ती काचेवर दोनदा आपटली, मग तिला फट सापडली.